गाण्यांमधलं बोलणं

आमच्या घरातला सगळ्यात लहान आणि सगळ्यात कटकटी प्राणी टीव्हीच्या मागे राहतो. पत्त्यांच्या कॅटाएवढा एक संगणक आहे तो. पडदा नाही, कळफलक नाही. स्वस्तातला, मोबाईलच्या चार्जरवर चालणारा, आणि पोटात नखाएवढं एक कार्ड. त्या कार्डावर आण्णांची सगळी भजनं आहेत. घरातल्या वायफायवर कुठल्याही फोनवरून ती लावता येतात, हॉलमधल्या स्पीकरवर नाहीतर ज्याच्या त्याच्या कानात. हे सगळं मी जुळवलं, आणि जुळवताना मला वाटलं होतं की घरात आता दिवाळी होणार. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

आण्णा म्हणजे माझे वडील. साताऱ्याकडून तरुणपणी बोईसरला आले, एमआयडीसीतल्या एका कापड कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. कामगारांचं एक भजनी मंडळ होतं. कुणी सांगलीचा, कुणी खानदेशातला, कुणी तळकोकणातला. गावाकडे असते तर एकमेकांच्या चाली त्यांनी कधी ऐकल्याही नसत्या. इथे एका सतरंजीवर बसून त्यावरून भांडायचे. आण्णा मंडळाचे बुवा, म्हणजे पुढे गाणारे. दर गुरुवारी आमच्या तेव्हाच्या चाळीतल्या खोलीत भजन व्हायचं आणि मंडळातला एक खानदेशी ऑपरेटर आपला टेपरेकॉर्डर मध्ये ठेवून ते भरून घ्यायचा. त्या कॅसेटी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आमच्याकडेच राहिल्या.

मग आण्णांना घशाचा कॅन्सर झाला. जन्मभर गालात तंबाखू. आम्ही सांगून थकलो होतो. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. आता ते गळ्याला केलेल्या भोकातून श्वास घेतात आणि त्यावर आई पातळ ओलसर फडकं बांधते. नाकातून हवा जात नाही, म्हणून वास येत नाही. संध्याकाळी कारखान्यांकडून वास सुटला की आम्ही धावत खिडक्या लावतो आणि आण्णा नुसते आमच्याकडे बघत बसतात. चहावर फुंकर मारता येत नाही, तो बशीत ओतून निवू द्यावा लागतो. बोलायचं असेल तर फोनवर टाईप करून दाखवतात. आईला बोलवायचं असेल तर स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवतात. ज्या माणसाची हाक चाळीच्या टोकाला जायची, तो पेला वाजवतो हे मला अजून सहन होत नाही.

कॅसेटी फुगायला लागल्या होत्या. बोईसरच्या हवेत पितळ हिरवं पडतं आणि चांदी काळी, तिथे फितीची काय कथा. मी पालघरजवळ कोळगावला जिल्हा मुख्यालयातल्या एका कार्यालयात संगणकावर काम करते. तिथल्या शिपायाने सांगितलं की मनोरच्या बाजारात जुने टेप दुरुस्त करणारा एक जण अजून आहे. स्कूटरला डबा बांधून त्याच्याकडे गेले. त्याने एक कॅसेट उघडून उजेडात धरली आणि म्हणाला, "ताय, ही फीत एकदा फिरल, दुसऱ्यांदा नाय. जे काय भरायचं हाय ते एकदाच भरून घ्या."

त्याच्याकडून एक टेप विकत आणला, लॅपटॉपला जोडला आणि पावसाळाभर रविवारी रविवारी एकेक बाजू भरून घेतली. काटछाट केली नाही. खोकणं, टाळ आपटणं, मधल्या गप्पा, कोपऱ्यातलं माझंच लहानपणीचं रडणं, सगळं तसंच ठेवलं. त्यात माझा काही थोर विचार नव्हता, कंटाळा होता.

मला गुपचूप काही करायची हौस भारी. गुरुवार गाठला, आई-आण्णांना हॉलमध्ये बसवलं आणि काही न सांगता स्पीकर लावला. पखवाज सुरात लावल्याचा आवाज आला, कुणीतरी हसलं, आणि मग आण्णांनी वरच्या पट्टीत अभंग उचलला. मी आण्णांच्या तोंडाकडे बघत होते. आधी त्यांना कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांचा हात गळ्याच्या फडक्यावर गेला. ते उठले, चपला घातल्या आणि निघून गेले. परत आले तेव्हा अंधार पडला होता. जेवले नाहीत. फोन काढून टाईप केलं आणि माझ्यापुढे धरला: "तो माणूस आता नाही. बंद कर."

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. मी म्हटलं, अख्खा पावसाळा मी या फितींच्या मागे घालवला, दोन शब्द बरे लिहिले असते तर बोटं झिजली नसती. आण्णांनी फोन खिशात घातला. आई त्यांचं झाकलेलं ताट उचलून आत गेली, आणि आमच्या घरात आई अशी उठून गेली म्हणजे तिचं काहीतरी ठरलेलं असतं.

चार दिवसांनी मी कपडे वाळत घालत होते तेव्हा ती गॅलरीत आली आणि हळूच विचारू लागली की ते आण्णांचं एकटीला ऐकता येतं का, दुसऱ्या कुणाला न ऐकू जाता. मी तिच्या फोनवर सगळं लावून दिलं. माझ्या जुन्या मोबाईलबरोबर आलेले इअरफोन पडून होते, ते तिने स्वतःच ड्रॉवरमधून शोधून काढले. दुपारी आण्णा हॉलमधल्या पलंगावर आडवे झाले की ती ओट्याशी उभी राहून ऐकायची. पदराखालून वायर गेलेली, हात पिठात, आणि चेहरा असा की मी सुट्टीच्या दिवशी घरात असले तरी स्वयंपाकघरात जायचं टाळायचे.

मला वाटायचं ती भजनं ऐकते. एकदा मी तिच्या शेजारी भाजी चिरत होते. तिने एक इअरफोन काढून माझ्या कानात घातला. भजन संपत आलं होतं. गजर झाला, टाळ थांबले, आणि आण्णांचा साधा बोलण्याचा आवाज आला. कुणालातरी म्हणत होते की पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक जास्त झाली, आवाज उतरलाय. मग खोकले. मग आतल्या बाजूला तोंड करून म्हणाले, "अगं, च्या टाक की सगळ्यांना." पुढचा अभंग सुरू झाला तशी आईने बोटाने तो पुढे ढकलला आणि त्याच्या शेवटाशी जाऊन थांबली. तिला गाणं नकोच होतं. तिला गाण्यांमधलं बोलणं हवं होतं.

आण्णांच्या साध्या बोलण्याचं आमच्याकडे दुसरं काही नाही. लग्नाचे व्हिडिओ आहेत, त्यात सनईच तेवढी ऐकू येते. मोबाईल आले तेव्हा आण्णांना फोटो काढायचा नाद होता, बोलणं भरून ठेवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. घरातल्या माणसाचं बोलणं कोण भरून ठेवतं? आईला मी विचारलं की तुला वाईट नाही का वाटत. ती म्हणाली, "वाटतं की. पण न ऐकून कमी होतंय व्हय?" आणि पोळी उलटली.

असं महिनाभर चाललं असेल. एक दिवस भर दुपारी ऑफिसात आईचा फोन आला. ती मला कामाच्या वेळी कधी फोन करत नाही. म्हणाली, आण्णांचा श्वास अडकला होता, आता बरं आहे, पण तू ये. साहेबांना काय सांगितलं ते आठवत नाही. पालघर ओलांडून बोईसरच्या रस्त्याला लागले तेव्हा हेल्मेटच्या आत मी मोठमोठ्याने रडत होते. एका कंटेनरवाल्याला मी अशा शिव्या दिल्या की मलाच नवल वाटलं.

जिन्यात शेजारच्या काकी उभ्या होत्या. त्या जवळच्याच खेड्यातल्या. मला बघून म्हणाल्या, "पेला वाजवत होते ते मला भिंतीतून आयकू येत व्हतं. मला वाटलं नेहमीचंच हाय. तुझी आय बघल." आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

झालं होतं ते असं. गळ्यातल्या भोकाशी कफ सुकून खडा झाला होता. तसा तो अधूनमधून होतो. आई सलाईनचे थेंब टाकते, बॅटरी धरते आणि चिमट्याने काढते. त्या दिवशी तो आत सरकला. आण्णांनी पेला वाजवला. परत वाजवला. मग पलंगाच्या लोखंडी दांड्यावर आपटला. भिंतीपलीकडे ऐकू गेलं, पण दहा पावलांवरच्या आईला नाही, कारण तिच्या दोन्ही कानांत आण्णा होते. भिंत धरून ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले आणि तिथे त्यांचे पाय गेले. हाक मारायला काही नव्हतं. त्यांनी हातातला पेला तिच्याकडे फेकला, तो तिच्या घोट्याला लागला, आणि तिने मागे वळून बघितलं.

मी पोचले तेव्हा दोघं स्वयंपाकघराच्या फरशीवरच बसलेली होती. आण्णांचे ओठ अजून काळसर होते. आईच्या हाताला पीठ आणि रक्त, शेजारी चिमटा आणि ओढून काढलेला खडा. इअरफोन तिने केराच्या डब्यात टाकले होते. आण्णांनी फोनवर काहीतरी टाईप केलं आणि तिच्यापुढे धरलं. ते मी तिच्या खांद्यावरून वाचलं: "काय ऐकत होतीस?"

आईला खोटं बोलता येत नाही. ती म्हणाली, "तुम्हालाच."

आण्णा तिच्याकडे बघत राहिले. मग फरशीकडे. मला त्या क्षणी दोघांचाही राग आला आणि दोघांची इतकी दया आली की मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

संध्याकाळी आई म्हणाली, ते सगळं पुसून टाक. मी म्हटलं, पुसणार नाही. फिती संपल्या, आता हे एकच आहे. ती म्हणाली की आज माझ्या हातनं माणूस गेला असता. मी म्हटलं, गेला नाही ना. असं बोलू नये, पण बोलले. मग तिने स्वतःच टीव्हीमागे हात घालून चार्जर उपटला आणि धान्याच्या डब्यामागे नेऊन ठेवला. मी काढून आणला नाही. दोन दिवस आण्णांनी फोनलाही हात लावला नाही. आई कामं सोडून सारखी दारात येऊन त्यांच्याकडे बघून जायची. रात्री त्यांच्या पलंगाशी जमिनीवर पथारी टाकून झोपायची.

रविवारी सकाळी आण्णा माझ्या खोलीत आले. हातात तो चार्जर होता. फोन पुढे धरला, आधीच टाईप करून आणलेला: "मोठ्यानं लाव. तिचे कान मोकळे पाहिजेत."

मी म्हटलं, आण्णा, तुम्हाला ऐकवत नाही. त्यांनी मान हलवली, नाही ऐकवत. आणि चार्जर माझ्या हातात दिला.

मी लावलं. आई स्वयंपाकघरातून आली आणि नको, बंद कर म्हणाली. आण्णांनी तिला हातानेच आत जायला सांगितलं. ती गेली. हॉलमध्ये त्यांचा आवाज भरला, तो तरुण, दमदार, थोडा अहंकारी आवाज, आणि त्याच्यासमोर ते पलंगावर मान खाली घालून बसले, दोन्ही हात मांड्यांवर दाबून. कपाळाची शीर उडत होती. मला ते बघवेना. बंद करायला मी फोन उचलला, तर त्यांनी डोळे वटारले.

मग त्यांनी पेला उचलला आणि चमच्याने वाजवला. आई लगेच दारात आली. काय पाहिजे, म्हणाली. आण्णांनी हात हलवला, काही नाही. ती आत गेली. गजर सुरू झाला, टाळ कडाडले, सगळे एका सुरात ओरडत होते, आणि त्या गदारोळात आण्णांनी पुन्हा पेला वाजवला, हळूच. आई आली. पुन्हा काही नाही. आईला कळेना. मला कळलं: एवढ्या आवाजातही तिला पेला ऐकू जातो का, हे ते बघत होते.

तिसऱ्यांदा त्यांनी चमचा नुसता टेकवला. माझ्या शेजारी वाजलं, तरी मला नीट ऐकू आलं नाही. आई ओले हात तसेच घेऊन आली. आण्णांनी तिच्याकडे बघून मान डोलावली, आणि मला खुणेने सांगितलं, आवाज आणखी वाढव.