एक प्रतिष्ठित दुकानदार
रेशनिंगच्या दिवसांत नौपाड्यात आमचं एक साप्ताहिक होतं. संपादक हे, मुद्रितं तपासणारी मी. मागच्या आळीतला एक रेशन दुकानदार तांदळात पांढरे खडे मिसळतो, अशी तक्रार आली. बातमी खरी वाटत होती, पण ह्यांना अब्रूनुकसानीच्या दाव्याची धास्ती. म्हणून नाव गाळून छापलं, ‘नौपाड्यातील एक प्रतिष्ठित दुकानदार’. ‘प्रतिष्ठित’ हा ह्यांच्या लेखणीचा सवयीचा शब्द. सभेच्या अध्यक्षापासून सगळ्यांना लागायचा, तो ह्या खेपेस लबाडालाही लागला.

वाचकांनी मात्र तो मनावर घेतला. प्रतिष्ठित म्हणावा असा दुकानदार नौपाड्यात एकच, स्टेशनरस्त्यावरचा. मापात पाप न करणारा माणूस! लोक त्याच्याकडची रेशनकार्डं बदलून घेऊ लागले, काही तर चक्क त्या खडेवाल्याकडे. शब्द कुणाला जाऊन चिकटेल याचा नेमच नाही, ह्याचं मला भारी नवल वाटलं.

एके दिवशी स्टेशनरस्त्यावरचा तो दुकानदार घरी आला. “वहिनी, मला माफीबिफी नको. ज्याचं पाप आहे त्याचं नाव छापा. नाहीतर दुकान मोडावं लागेल मला.”

मी ह्यांच्यावर भडकले, “भिऊन नाव गाळलंत आणि भलत्याचीच अब्रू घेतलीत!” त्याच संध्याकाळी ह्यांना वकिलांकडे नेलं. अब्रूचा कायदा म्हणजे तोंडाला कुलूप, अशी माझी समजूत. वकील हसले. “गोष्ट खरी हवी आणि लोकांच्या हिताची हवी. सिद्ध करता येत असेल तर खुशाल नाव छापा. पण नाव गाळलं म्हणजे सुटलो, असं समजू नका. लोकांनी माणूस ओळखला की झालं.”

मग खडेवाल्याकडे कार्ड असलेल्या शेजारणींबरोबर मी गेले. त्यांचा तांदूळ पंचांसमोर निवडला, खडे पुडीत बांधून सह्या घेतल्या. हे खुलासा विचारायला गेले, तर त्याने ह्यांना हाकलून लावलं, तेही छापलं. पुढच्या अंकात त्याचं नाव ठळक, आणि शेजारी चौकटीत स्टेशनरस्त्यावरच्या दुकानाचा ह्याच्याशी संबंध नसल्याचा खुलासा.

दावा आला नाही. कार्डं हळूहळू परतली. मी मोठ्या अभिमानाने त्या भल्या माणसाच्या दुकानी गेले. बायका तांदूळ मुठीत घेऊन उजेडात बघत होत्या. तराजूशेजारी पूर्वी कधीच नसलेलं एक पितळी ताट होतं. माझा तांदूळ त्यात ओतून, खाली बघतच तो म्हणाला, “आधी बघून घ्या, वहिनी.”