अकरा नंबरची बोटं

मिलेनाचं काम माझ्या चुकीमुळे गेलं नाही. चुकीनंतर मी जे बोललो, त्यामुळे गेलं. आपल्या माणसांपैकी कुणापुढेच मी हे कित्येक वर्षं उच्चारलं नव्हतं—बायकोपुढे नाही, नागपूरच्या मित्रांपुढे नाही. आईच्या शेवटच्या आजारपणात तिच्या उशाशी बसून नको नको त्या गोष्टी कबूल केल्या, तेव्हाही ही एवढी गोष्ट वगळली. आज तुम्हाला सांगतोय. बाहेर लख्ख ऊन आहे.

सुरुवात कामापासून करतो. ते सांगणं त्यातल्या त्यात सोपं आहे.

मी बॉथेलमध्ये राहतो, सिएटलच्या वरच्या अंगाला. खेळांची आकडेवारी तपासणाऱ्या एका कंपनीत आहे. युरोपातल्या व्यावसायिक क्लबांची एक बास्केटबॉल लीग आमच्याकडे आहे. तिकडे संध्याकाळी सामना सुरू होतो तेव्हा आमच्याकडे जेवायच्या आधीची वेळ असते—डबा मायक्रोवेव्हमध्ये, डोळे स्क्रीनवर. तिथे मैदानाला लागून एक टेबल असतं. टेबलवर बसलेलं माणूस प्रत्येक बास्केट, प्रत्येक पास, प्रत्येक रिबाउंड—उसळून आलेला बॉल कुणी पकडला ते—त्या क्षणी नोंदवतं. आम्ही इथून रिप्ले बघायचे आणि काही चुकलेलं दिसलं तर हेडसेटवरून सांगायचं—बदल. आम्हाला इथून काही बदलता येत नसे. बटण टेबलवरच्या माणसाच्या हाताखाली, आणि शब्द मात्र आमचा शेवटचा. आणखी एक—हेडसेटवरचं बोलणं तेव्हा रेकॉर्ड होत नसे.

त्या लीगमध्ये प्रत्येक फेरीचा सर्वोत्तम खेळाडू, म्हणजे एमव्हीपी, कुणी निवडत नाही. चांगलं केलेलं मिळवायचं, चुकलेलं वजा करायचं. जिंकलेल्या संघांत ज्याची बेरीज सगळ्यात मोठी, तो एमव्हीपी. आमच्या ऑफिसातले अमेरिकन लोक हसायचे. "म्हणजे कॅल्क्युलेटरच बक्षीस देतो की!" मी त्यांना सांगायचो, म्हणूनच ते स्वच्छ आहे, मतं नाहीत, वशिला नाही. काय अभिमानाने सांगायचो!

मिलेना समुद्रकाठच्या एका लहान शहरात त्या टेबलवर बसायची. दिवसा कुठल्याशा दुकानात काम करायची आणि सामन्याच्या दिवशी तिथे. तिचे वडील त्या क्लबचे जुने भक्त. ते सामन्यापेक्षा जास्त तिच्याकडेच बघतात, असं ती हसून सांगायची. आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. हेडसेट लावला की तिचा आवाज यायचा, "गुड मॉर्निंग, अमेरिका! इथे अंधार पडलाय, पण तुझ्यासाठी गुड मॉर्निंग. डब्यात काय?" मी म्हणायचो, वांग्याची भाजी. "परत? तुझ्या बायकोला दुसरं काही येत नाही?" भाजी मीच करतो म्हटलं की म्हणायची, "मग तिची दया येते मला."

इतकीच ओळख. पण ओळख होती ना? अनोळखी होती म्हणून मी तसं वागलो, असं म्हणायची सोय मला नाही.

ज्या सामन्याबद्दल सांगतोय, तो शेवटच्या क्षणांत होता. तिचा संघ पुढे होता, निकाल ठरल्यासारखाच. त्या संघाच्या पंधरा नंबरने बॉल टाकला, तो रिंगला लागून उसळला, चार-पाच हात एकदम वर गेले आणि कुणाच्या तरी बोटांनी हवेतल्या हवेत तो परत आत ढकलला. पंधरा नंबर हात उंचावून नाचायला लागला. तो त्या लीगचा मोठा तारा. मिलेनाने नोंद केली—त्याच संघाचा अकरा नंबर.

मी रिप्ले पाहिला. एकदा. एकाच कॅमेऱ्यातून. आणि म्हणालो, "पंधरा."

"अकरा," ती म्हणाली. "माझ्या समोर झालंय. त्याची बोटं पाहिली मी."

"मिलेना, रिप्ले माझ्यासमोर आहे. पंधरा. चेंज कर लवकर, वेळ संपतेय."

बटणाचा आवाज आला. "केलं. पण अकरा होता."

दुसऱ्या कॅमेऱ्याचं चित्र यायला जरासा वेळ लागतो. मी तेवढा थांबलो नाही. का? व्हिसाच्या वकिलाशी बोलायची वेळ झाली होती, हे एक. पण ते अर्धंच खरं आहे. कॉलेजात असताना नागपूरच्या सिमेंटच्या कोर्टवर मी अख्ख्या दुपारी काढल्या होत्या, आणि "हात कोणाचा लागला बे?" यावरून भांडण झालं की सगळे माझ्याकडे बघायचे. माझी नजर पक्की, असं मीच ठरवून टाकलेलं. शिवाय पंधरा नंबर एवढा मोठा, हात त्याचाच असणार—डोळ्यांनी पाहायच्या आधीच डोक्याने पाहून टाकलं होतं.

आकडे बंद झाले. एकदा बंद झाले की लीग ते उघडत नाही. त्या एका बास्केटच्या फरकाने फेरीचा एमव्हीपी पंधरा नंबर ठरला. अकरा नंबर दुसरा. हा अकरा नंबर त्याच शहरातला. मिलेनाच्या वडिलांसारख्या लोकांनी त्याला पोरवयापासून पाहिलेलं. सगळी उमर त्या एका क्लबात घालवलेला, गुडघे गेलेले, शेवटचा सीझन. हा मान त्याला एकदाही मिळाला नव्हता. पुढेही मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी कुणा प्रेक्षकाने बास्केटमागून फोनवर घेतलेला व्हिडिओ सगळीकडे फिरायला लागला. त्यात बोटं स्वच्छ दिसत होती. अकरा नंबरचीच.

आता इथे मला थांबावंसं वाटतंय. इथपर्यंत ती नुसती चूक होती. चूक कोण करत नाही?

क्लबने तक्रार केली. लीगने आमच्या कंपनीला विचारलं, नोंद कुणी फिरवली? मॅनेजरचा मेसेज आला, दोन मिनिटं आहेत का? मी त्याच्या काचेच्या खोलीकडे चालायला लागलो. व्हिसा वाढवायचा अर्ज अडकला होता. नोकरी गेली तर थोड्याच आठवड्यांत देश सोडायचा. लेकीची, ईराची, शाळा नुकती सुरू झाली होती. गॅरेजमध्ये ठेवलेल्या रिकाम्या बॅगा मला चालता चालता दिसायला लागल्या, उघड्या, कपडे भरायला तयार. ज्यांनी असे दिवस काढलेत, त्यांना ही भीती सांगावी लागत नाही. आणि ज्यांनी काढलेत, त्यातल्या बहुतेकांनी माझ्यासारखं केलं नाही, हेही मला ठाऊक आहे.

मॅनेजरने विचारलं, "तू तिला बदलायला सांगितलंस का?"

मी म्हणालो, "नाही. तिने स्वतःच बदललं. मी उलट विचारलं, नक्की का?"

बघा. कुणी न विचारता वर एक तपशील जोडला. खोटं बोलताना मला तो सुचला—इतका चटकन, इतका साधा. आणि खोलीत जाण्याआधी मी जागेवर बसून दुसऱ्या कॅमेऱ्याचं चित्र पाहिलेलं होतं. तीनदा पाहिलं. म्हणजे तिचं बरोबर होतं हे माहीत असूनच मी आत गेलो.

मिलेनाने खरं ते सांगितलं. पण माझा शब्द हवेत विरला होता आणि तिचं बोट मशीनमध्ये उरलं होतं. अकराचे पंधरा केले ते तिच्या हाताने, तिच्या नावाने. तिला टेबलवरून काढलं. पुढच्या सामन्याला त्या जागेवरून एका पुरुषाचा आवाज आला. त्याने डब्यात काय आहे ते विचारलं नाही. जाता जाता तोच म्हणाला की गावात लोक बोलतात, पोरीने मोठ्या खेळाडूसाठी आपल्या माणसाला विकलं; तिचे वडील आता हॉलमध्ये येत नाहीत.

मी "अच्छा" म्हणालो आणि पुढचा रिप्ले लावला.

त्यानंतरची वर्षं कशी गेली? वरून चांगली. आतून—कुणीतरी दार वाजवेल म्हणून कान लावून बसल्यासारखी. अनोळखी नंबरवरून फोन आला की तो वाजून थांबेपर्यंत मी उचलायचो नाही. ते बोलणं खरंच कुठे साठलेलं नसेल ना? एखाद्या सर्व्हरवर? एमव्हीपीची घोषणा स्क्रीनवर आली की मी कॉफी आणायला उठायचो. ईरा म्हणायची, "बाबा, यू आर नॉट इव्हन लिसनिंग." खरंच ऐकत नसायचो.

मग ग्रीन कार्ड आलं. अनघाने, माझ्या बायकोने, श्रीखंड केलं, इथल्या मराठी मंडळातले लोक जेवायला आले. त्या दिवशी मला वाटलं, सुटलो, आता कुणी हाकलू शकत नाही, आता सांगता येईल. सांगितलं? नाही. घाबरायचं कारण गेलं, भीती मात्र घरच्यासारखी राहिली. आता ती वेगळ्याच गोष्टीची होती. लोक माझ्याकडे कसे बघतील याची.

यंदा वसंतात मी नव्या मुलांना शिकवत होतो. आता हेडसेटवरचं सगळं रेकॉर्ड होतं. पुण्याची केतकी, नुकतीच आलेली, व्हिसावर, तिने हात वर केला आणि लगेच खाली घेतला. नंतर बाहेर येऊन मराठीत विचारलं, "दादा, पूर्वी रेकॉर्डिंग नव्हतं म्हणता. मग समजा रिव्ह्यू करणाऱ्याने कानावर हात ठेवले, तर टेबलवरच्या माणसाने काय करायचं हो? असं कधी झालंय?"

मी म्हणालो, "छे गं. असं कोण करेल?"

ती हसली. "बरंय मग. मी आपली उगाच घाबरते."

या वेळी मला कोण हाकलणार होतं? कुणीही नाही. तरी खोटं तोंडातून आलं, पहिल्या वेळेइतक्याच सहज. पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसलो आणि बराच वेळ किल्लीच लावली नाही. इतकी वर्षं मी सगळं व्हिसावर ढकलत होतो. आणि व्हिसाचा प्रश्न तर केव्हाच सुटला होता.

घरी येऊन अनघाला सांगितलं. ती भाजी निवडत होती. शेवटपर्यंत मान वर केली नाही. मग म्हणाली, "मला कशाला सांगतोस? मी काय करू त्याचं? जिचं आहे तिला सांग." आणि निवडलेली मेथी तशीच ठेवून आत गेली.

कंपनीला सगळं सांगितलं, माझ्या नावासकट. काय होणार ते अजून कळलेलं नाही. मेसेजचा आवाज झाला की हातातलं टाकून बघतो. केतकीलाही सांगितलं. ती "ओके दादा" म्हणाली, आणि तेव्हापासून मला दादा म्हणत नाही.

मिलेनाचा नंबर फोनमध्ये होताच. पुसायची हिंमत कधी झाली नव्हती. आज इथे सकाळ असताना लावला. वाजत राहिला, तिने उचलू नये असं वाटत होतं, हेही लिहून टाकतो. तिने उचलला. मी नाव सांगितलं. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. तिने गुड मॉर्निंग म्हटलं नाही. पण फोनही ठेवला नाही. मग मी बोललो—

"मिलेना, तू अकरा म्हणाली होतीस. बरोबर होतीस. पंधरा मी करायला लावलं. मला विचारलं तेव्हा ते तू आपणहून केलंस असं मी सांगितलं, आणि ते खोटं आहे हे मला तेव्हाच माहीत होतं. आता मी कंपनीला खरं सांगितलंय. तुझ्या वडिलांनाही सांगायला मी तयार आहे, तू म्हणशील तेव्हा. नको म्हणालीस तर परत फोन करणार नाही. माझं चुकलं."