कठड्याला टेकलेली बाई

पोलिसातल्या नोकरीत तपासलेले बरेच गुन्हे आता मलाच नीट आठवत नाहीत, पण एका कठड्याचं ते प्रकरण अजून मनातून जात नाही. नावं सांगणार नाही. माणसं कोल्हापुरातच आहेत आणि मला बाजारात भेटतात.

एका नव्या बंगल्याच्या बाल्कनीचा कठडा सुटला आणि त्याला टेकून उभा असलेला कोडोलीचा रंगारी पहिल्या मजल्यावरून खाली पडला. जीव वाचला, पण मांडीचं हाड मोडलं. आम्ही निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल केला. संशय अर्थातच कठडा बसवणाऱ्या फॅब्रिकेटरवर. आर्किटेक्टच्या ऑफिसने दाखवलेल्या नकाशात प्रत्येक खांबाला चार बोल्ट होते, याने दोनच मारले होते. त्यातच खबर आली की गडी शिरोलीतलं वर्कशॉप बंद करून पसार झालाय.

शोधला तर तो दवाखान्यात सापडला, रंगाऱ्याच्या उशाशी बसून त्याला पेज भरवताना. पळालेला आरोपी असा सापडत नसतो. तरी ठाण्यात आणलाच, आमचं खातं दयेवर चालत नाही.

"बोल्ट का खाल्लेस?" मी दरडावलं.

"न्हाय खाल्लं सायब! मला दिलेल्या कागदावर दोनच हायत की. तारीख बी त्यांच्या कागदापेक्षा नवी हाय. आन् माझ्या कागदावर कठड्याला टेकलेली बाई हाय, त्यांच्या कागदावर न्हाय. बघा की!"

कागदावर ऑफिसचा शिक्का होता. बाईही होती. मी दोन्ही कागद घेऊन आर्किटेक्टकडे गेलो.

नवरा-बायको दोघंही आर्किटेक्ट; नवरा वारल्यापासून ऑफिस मॅडमच चालवत होत्या. कठडा, जिना, छज्जा असे पुन्हा पुन्हा लागणारे भाग त्यांनी संगणकात एकदाच काढून ठेवलेले, त्याला ते डिटेल लायब्ररी म्हणतात. बदल केला की कोपऱ्यात रिव्हिजनची तारीख पडते. सगळ्यात नवी तारीख असेल तेच डिटेल साइटवर द्यायचं, हा ऑफिसचा नियम. असिस्टंटने तो तंतोतंत पाळला होता.

बाई असलेला कागद पाहताच मॅडम खुर्चीत बसल्या.

"हे ह्यांनी काढलेलं, जुनं. चार बोल्ट मी नंतर केले, इंजिनिअरांनी सांगितलं म्हणून."

"मग जुन्यावर नवी तारीख कशी?"

मी म्हटलं, "उघडून दाखवा." त्यांनी फाइल उघडली, सेव्ह केली, आणि कोपऱ्यात आपोआप त्या दिवसाची तारीख आली.

"पण वापरात नसलेलं डिटेल उघडतं कोण?"

त्यांनी त्या बाईच्या चित्रावर बोट ठेवलं. कठड्याची उंची कळावी म्हणून आर्किटेक्ट शेजारी माणूस काढतात. लांब वेणी, खोचलेला पदर, हात कठड्यावर.

"ही मी आहे, साहेब. ऑफिस सुटलं की एकदा बघते. बंद करताना संगणक विचारतो, सेव्ह करू का? मी हो म्हणते. पुसायला हात धजावला नाही."

समोरच्या बाईंची वेणी पांढरी झाली होती.

"त्या फॅब्रिकेटरना सोडा," त्या म्हणाल्या. "चूक माझी आहे. जबाब लिहून घ्या."

पंचांसमोर फाइलची प्रत आणि कागद जप्त केला. पंचनामा संपल्यावर त्यांनी विचारलं, "आता पुसू?" मी होकारार्थी मान हलवली. त्यांनी बटण दाबलं आणि कितीतरी वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या.

पुढे रंगारी कुबडी सोडून चालू लागला आणि कोर्टाच्या परवानगीने त्याची आणि मॅडमची तडजोड झाली. कागदावरची तारीख हात कधी लागला ते सांगते, का लागला ते माणसालाच विचारावं लागतं, हे मी या प्रकरणात शिकलो. पुढच्या प्रत्येक तपासात ते मला उपयोगी पडलं.

मुद्देमाल परत करण्याचा आदेश झाला तेव्हा बाईचा तो कागद मी स्वतः मॅडमच्या ऑफिसात नेऊन दिला. फॅब्रिकेटर माझ्याआधीच तिथे हजर होता, हातात स्वतः केलेली लोखंडी फ्रेम.

"म्याडम, ह्यो कागद माझ्या मुळावर आलता," तो म्हणाला, "पन बाई लई झ्याक काढलीया."

कागद फ्रेममध्ये बसवून त्याने ती भिंतीला लावून धरली, ड्रिल उचललं आणि मागे वळून विचारलं, "दोन बोल्ट बास का?"

मॅडम हसल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "चार मारा."