पोटुशीचं अर्धं ताट

महाडात भाषणबाजांना तोटा नाही. "आमच्या रक्तातच लढा आहे!" म्हणून गर्जतात. रक्तात आणखी काय काय आहे ते विचारा, लगेच माइक बिघडतो. म्हणून ठमाबाईचं सांगतो.

पोलादपूरकडच्या एका बौद्धवाडीतली ही बाई. अंगानं काडी, जीभ हातोडी. कशेडी घाटात खडी फोडून संसार केला. ती आईच्या पोटात असताना घरात दाणा नव्हता. रानातले कडू कंद, करांदे, ओढ्यात भिजत घालायचे, उकडायचे आणि गिळायचे. पुढे ठमाबाईला दिवस गेले तेव्हा सासूनं तिचं ताट अर्धं केलं. वाडीची रीतच ती. पोटुशी पोटभर जेवली की पोर वाढतं आणि बाळंतपणात अडतं. दवाखाना डोंगराखाली, तेव्हा रस्ता नव्हता. भीतीतून निघालेली रीत. पण घरात रोज भात शिजायला लागला तरी ती हटली नाही. ठमाबाईनंही सून मीनाचं ताट अर्धं केलं. मीनाला पूनम झाली, मुठीएवढी.

पूनमला बिरवाडीत दिली. नवरा राजू कंपनीत. २००५ साली ती गरोदर राहिली आणि तपासणीत शुगर निघाली. एवढी बारीक पोरगी! डॉक्टरानं मान वर न करताच निकाल दिला, "तुमच्या लोकांना गोड सुटत नाही." एवढी वर्षं शिकला, पेशंटकडे बघायचं तेवढं शिकायचं राहिलं.

सासू जानकीबाईच्या हातात कोलीत मिळालं. "आमच्या खानदानात नाय असलं. हिच्या रक्तातच खोट हाय." भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि त्याच्याखाली उभी राहून ही रक्ताची प्रतवारी लावते! उपाय काय, तर पूनमचं ताट अर्धं. शुगर उतरते म्हणे. पोरगी चक्कर येऊन पडली तेव्हा राजूनं टीव्हीचा आवाज कमी केला. मोठा मर्द.

पूनमचा निरोप आला तसा मी, ठमाबाईचा शेजारी, तिला घेऊन निघालो. कॉलेजची पायरी मी चढलेलो नाही, पण रद्दीतली मासिकं सोडत नाही. एसटीत तिला सांगितलं: आई उपाशी राहिली की पोटातल्या पोराच्या शरीरावर खुणा उठतात. रक्त तेच राहतं, पण शरीर धडा घेतं, बाहेर दुष्काळ आहे, मिळेल ते साठव. मग त्याच्यापुढे रोज भात, बिस्किटं, गोड चहा आला की त्याला झेपत नाही. त्या खुणा नातवंडांपर्यंत जात असाव्यात. शास्त्रज्ञ अजून 'बहुधा' म्हणतात. आपल्या डॉक्टराला तो शब्द माहीत नाही.

ठमाबाईनं खिडकीकडून तोंड वळवलं. "म्हंजी मीनाला मी उपाशी ठेवली, ते पूनमच्या अंगात उतरलं?"

"तू एकटीनं नाय, आजी. तुझ्या सासूनं, तिच्या सासूनं..."

"त्या मेल्या. मी जिती हाय. डायवरला म्हन, गाडी जोरात हाक."

दारातच जानकीबाई म्हणाली, "या विहीणबाई. माल खोटा दिलात."

"माल? म्हशींचा बाजार हाय काय गो हा?" ठमाबाई उंबऱ्यातच उभी राहिली. "तुजी आय तुला पोटात घेऊन घाटात माज्या बाजूला खडी फोडायची. तीबी करांदंच खायाची, तूप नाय. टोच तुजं बोट, तपास शुगर. बघू दे खानदान."

जानकीबाईनं हात पदराखाली घेतला. तिथंच तिचं खानदान झाकलं गेलं.

"येतंस ना गो?" ठमाबाईनं विचारलं. पूनमनं पिशवी उचलली. राजू म्हणाला, "आता काय बोलू मी?" कुणी विचारलं होतं?

पोलादपूरच्या डॉक्टरीणबाईंनी औषधाबरोबर खाणं आखून दिलं. नाचणीची भाकरी, डाळ, पाला. थोडं थोडं, पण उपास नाही. पूनमचं ताट रिकामं होईस्तोवर ठमाबाई समोरून हलायची नाही. शेजारणी कुजबुजल्या, "पोर अडंल गो."

"अडलं तर जीप हाय. रस्ता काय पुढाऱ्यांच्या गाड्यांना केलाय?"

मुलगी झाली. अडली नाही. वजन बेताचं, जसं हवं तसं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण ठमाबाईनं तिला उचललं आणि दचकली. तिच्या घरातलं कुठलंच पोर हाताला असं जड लागलं नव्हतं. "खडीची पाटीच की गो ही," म्हणाली, आणि खाली ठेवायला तयार होईना.

राजू पेढे घेऊन आला.

"ठेव तिकडं," ठमाबाई म्हणाली. "आदी तुज्या आयशीचं बोट टोचून ये."