दोन्ही रकान्यांत माझीच सही

"ऊठ गं, खुर्ची पाहिजे."

हे शिपाई बोलला नव्हता. समितीचे अध्यक्ष बोलले होते. फोटो काढून झाला होता. त्या फोटोत मी पहिल्या रांगेत, अध्यक्षांच्या शेजारी बसले होते. मावशीची साडी मागून आणली होती. मग रेंजरसाहेबांचे कोणी पाहुणे आले आणि एक खुर्ची कमी पडली. कमी पडली म्हणजे माझी.

मी उठले. कोपऱ्यात सतरंजी होती तिच्यावर बसले. अध्यक्षांना सगळा तालुका भाऊसाहेब म्हणायचा. पेशानं वकील, कर्जतच्या जुन्या घराण्यातले, आमच्या कॉलेजच्या संस्थेवर. त्यांनी ठरावांचं जाडजूड रजिस्टर माझ्या मांडीवर ठेवलं.

"तुझं अक्षर बरं आहे. मी सांगतो, तू लिहून घे."

समिती झाडांसाठी होती. डोंगर उघडे पडत चालले, पाऊस पहिल्यासारखा धरून पडत नाही, ओढे लवकर आटतात. त्यावर तालुक्यानं काय करायचं ते ठरवणारी. वरून कागद आला होता. समितीत एक तरुण सभासद हवा आणि एक बाई हवी. भाऊसाहेबांनी दोन्ही माझ्यातच भागवलं.

"एका तिकिटात दोन प्रवासी," ते म्हणाले. सगळे हसले.

मीही हसले. खरं सांगते, सगळ्यांत जास्त मीच हसले असेन.

माझी निवड कशी झाली तेही सांगायला हवं. कॉलेजात निबंधस्पर्धा होती. मी आमच्या ओढ्यावर लिहिलं होतं. आमची वाडी कळंबच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिली. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, "सरकारला तरुणांचं मत हवं आहे. तू जा." मला ते खरं वाटलं. दिवाळीच्या सुटीत मी आसपासच्या वाड्या पायी फिरले. म्हाताऱ्यांना विचारलं, ओढा पूर्वी कधी आटायचा, आता कधी आटतो. माझ्या वयाच्या मुलींना विचारलं, पाण्याला किती लांब जाता. डोंगराच्या पाठीमागं चढून गेले. तिथं कोळशाच्या भट्ट्या लागल्या होत्या. ऐनाची झाडं बुंध्यापासून साफ. ट्रक भरदिवसा उतरत होते. ठेका भाऊसाहेबांच्या मेहुण्यांचा होता. हे सगळं मी अकरा पानांत लिहिलं. मेहुण्यांचं नाव लिहिलं नाही. तेवढी भीती होती.

बैठकीत मी हात वर केला. म्हटलं, मी थोडं लिहून आणलंय.

"वा! तरुणांचं ऐकायलाच तर जमलोय आपण," भाऊसाहेब म्हणाले. त्यांनी पानं घेतली, चाळली, आपल्या पिशवीत ठेवली. "छान. ही ठरावाला जोडू. वर जातील."

माझी पानं वर जाणार. मला दुसरं काही ऐकू येईना.

मग ते ठराव सांगू लागले. मी लिहू लागले. 'तालुक्यातील वनांच्या ऱ्हासास ग्रामस्थांची राबासाठी होणारी तोड जबाबदार आहे.' इथं माझा हात थांबला.

राब म्हणजे काय ते बाहेरच्या वाचकाला सांगते. भाताचं रोप जिथं टाकायचं, ती जागा आम्ही उन्हाळ्यात भाजून काढतो. डोंगरावरून ऐनाचा टहाळ आणायचा, वाळवायचा, शेण-गवताबरोबर पसरून जाळायचा. नाही भाजलं तर रोपाच्या आधी तण वर येतं. पण टहाळ काढायची रीत आहे. शेंडा राखायचा. बाजूच्या फांद्या उतरवायच्या, शेंड्याला कोयता लावायचा नाही. एका झाडाला लागोपाठ दोन वर्षं हात घालायचा नाही. माझ्या आजीनं उतरवलेली झाडं आज आई उतरवते. ती झाडं उभी आहेत.

हे सगळं मला माहीत होतं. सतरंजीवर बसून मी यातलं एक अक्षर बोलले नाही.

"थांबलीस का? लिही की," रेंजरसाहेब म्हणाले.

मी लिहिलं. 'कोयता घेऊन वनात जाण्यास मनाई करावी. टहाळ जप्त करावा.' मनाशी म्हटलं, माझी पानं सोबत आहेत ना, वरचे वाचतील, त्यांना कळेल. शेवटी भाऊसाहेबांनी बोट ठेवून दाखवलं. युवक प्रतिनिधी, इथं सही. महिला प्रतिनिधी, इथं सही. मी दोन्हीकडे सही केली. वळणदार केली.

घरी मी एवढंच सांगितलं की फोटो काढला.

पौषात आई टहाळाला गेली. दरवर्षीसारखी. उतरताना फॉरेस्टच्या गार्डनं तिला नाक्यावर अडवलं. कोयता काढून घेतला. भारा खाली ठेवू दिला नाही. साहेब येईपर्यंत डोक्यावर घेऊन उभी राहा म्हणाला. सकाळची दुपार झाली. कडावला जाणारी एसटी तिच्यासमोरून गेली, परतही आली. खिडकीतून गावची माणसं बघत होती. मी त्याच गाडीनं कॉलेजातून येत होते. नाक्यावर उतरले तर आई उभी. मान थरथरत होती. पायाखाली ओलं होतं. तिला साधं बाजूला जाऊ दिलं नव्हतं.

मी धावले. गार्डला म्हटलं, "ही माझी आई आहे. भारा उतरवा."

तो मोठ्यानं हसला. त्याच्याकडे ठरावाच्या पानाची झेरॉक्स होती.

"म्हातारे, ही तुझी पोरगी ना? मंग बघ, सही हिचीच हाय. एक नाय, दोन. आमी काय आमच्या मनानं थांबवतोय व्हय?"

आईनं त्याच्याकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं. भारा डोक्यावरच होता.

"वाच गं," ती म्हणाली. "काय लिवलंस ते वाच."

नाक्यावर, चार माणसांत, मी तो ठराव वाचला. माझ्याच अक्षरातला. आई शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"यात शेंडा राखायचं कुटं हाय?"

"नाही लिहिलं, आये."

"तुला ठावं नव्हतं?"

"होतं."

तिनं डोक्यावरचा भारा सावरला. बोलली असती, थोबाडीत मारली असती, तर मला सोपं गेलं असतं. टहाळ जप्त झाला. भारा मात्र फॉरेस्टच्या आवारापर्यंत तिलाच वाहून न्यायला लावला. त्या वर्षी आमचा राब भाजला गेला नाही. आमचाच काय, वाडीतला कुणाचाच नाही. पाऊस पडल्यावर रोपांपेक्षा तण उंच झालं. बायका वाकून वाकून ते उपटत होत्या. मी त्यांच्यात गेले की बोलणं थांबायचं. एकदा एक चुलती म्हणाली, "तू कशाला येतीस बाय? तू लिवणारी." त्यात चेष्टा नव्हती. म्हणूनच जास्त लागलं.

श्रावणात समितीची दुसरी बैठक झाली. जिल्ह्याचे मोठे साहेब येणार होते, तरुणांचा सहभाग बघायला. भाऊसाहेबांनी मला आभाराचं भाषण टाईप करून दिलं. 'आम्हा तरुणांना निर्णयात सामील करून घेतल्याबद्दल' असं सुरू होत होतं.

साहेब यायच्या आधी मी भाऊसाहेबांना विचारलं, माझी अकरा पानं वर गेली का.

"अगं हो, ती राहिलीच तुला द्यायची." त्यांनी पिशवीतून काढली. पहिल्या पानावर लाल शाईत आकडा होता. दहापैकी सात. खाली लिहिलं होतं, 'मांडणी बरी. शुद्धलेखन सुधारावे.'

"मी स्वतः तपासलंय," ते मायेनं म्हणाले. "पहिल्या वर्षाला सात म्हणजे उत्तम गं."

त्यांना खरंच वाटत होतं की ते माझं कौतुक करतायत. त्या क्षणी मला सगळं कळलं. त्यांच्या मते त्यांनी मला कधी फसवलंच नव्हतं. त्यांच्या लेखी माझं बोलणं तपासायचं होतं, ऐकायचं नव्हतं. मी मात्र त्या पानांच्या भरवशावर माझ्या आईविरुद्ध सही केली होती.

साहेब आले. हार झाले. माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले. टाईप केलेला कागद मी टेबलावर पालथा घातला आणि म्हटलं, "मागचा ठराव खोटा आहे. तो मी लिहिला. झाडं बुंध्यापासून तुटतायत ती कोळशासाठी. ठेका कोणाचा आहे ते अध्यक्षांना विचारा. मी माझ्या दोन्ही सह्या मागं घेते."

रजिस्टर माझ्याच हातात होतं. मी दोन्ही सह्यांवर काट मारली आणि बाजूला लिहिलं, 'मजकूर खोटा असल्याने.'

"ते पान फाड," भाऊसाहेब म्हणाले.

"नाही फाडणार."

"मुली, तू कोणाच्या जिवावर शिकतेस ते विसरलीस का?"

"नाही विसरले. तिला तुम्ही नाक्यावर उभं केलं होतं."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मोठ्या साहेबांनी घड्याळ बघितलं आणि चहा कुठाय म्हणाले. शिपायानं माझ्या दंडाला धरून मला बाहेर काढलं. आठवड्याभरात माझी फी-माफी बंद झाली. माझ्या जागी भाऊसाहेबांची पुतणी आली. ठराव तसाच आहे. भट्ट्या धुमसतायत. आई माझ्याशी कामापुरतंच बोलते, आणि तिचं चुकतं असं मी म्हणणार नाही.

आता मी सकाळी रोपवाटिकेत कामाला जाते, बाहेरून परीक्षा देते. वाड्यांतली माझ्या वयाची मुलं-मुली रविवारी जमतात. डोंगरावर कुठं काय तुटलं ते आम्ही बघून लिहितो आणि ज्या वाडीचं असेल त्या वाडीत मोठ्यानं वाचतो. चुकलं तर बायका तिथंच दुरुस्त करतात. पुढच्या बैठकीची नोटीस तहसील कचेरीच्या फळ्यावर लागली आहे. सोमवार, अकरा वाजता. तरुण सभासद म्हणून आमच्यातल्या कोणाला बोलावणं नाही, येणारही नाही.

खुर्च्या भरायच्या आधी, आम्ही साडेदहालाच जाणार आहोत.