फेन्समधलं आमचं न पाहिलेलं घर

घर घेऊन दोन वर्षं झाली होती आणि आम्ही ते एकदाही पाहिलं नव्हतं. २००७च्या फेब्रुवारीत केंब्रिजला वैशालीकडे जायचं ठरलं, तेव्हा नकाशात दिसलं की ते तिथून फार लांब नाही. एक चक्कर मारून येते, असं मी नवऱ्याला म्हटलं.

"बघायचंय काय त्यात?" सतीश म्हणाला. "पॅसिव्ह इन्व्हेस्टमेंट आहे ती. आपल्याला बघायला लागू नये म्हणून तर घेतली."

हे वाक्य त्याचं नव्हतं. ईलिंगच्या एका हॉटेलातल्या सेमिनारमध्ये आम्ही दोघांनी ते ऐकलं होतं. २००४पासून पोलंड, लिथुआनियाच्या लोकांना ब्रिटनमध्ये काम करायची मुभा मिळाली होती. लोक कामासाठी जिथे चाललेत तिथे घर घ्या, भाडेकरू आपोआप येतील, असं तो वक्ता सांगत होता. सतीश भूलतज्ज्ञ, मी रेडिओग्राफर, दोघांच्या ड्यूट्या उलटसुलट. काही करायला लागणार नाही, हे आम्हाला फार आवडलं. शिवाय स्थलांतर म्हणजे काय ते आम्हाला कुणी शिकवायला नको, असंही वाटलं.

शनिवारी सकाळी हॅरोहून मेट्रोपॉलिटन लाइनने किंग्ज क्रॉस आणि तिथून केंब्रिजची फास्ट ट्रेन घेतली. तिकीट आधी काढलंत तर स्वस्त पडतं. मी काढलं नव्हतं. केंब्रिजला वैशाली स्टेशनवरच होती. ती तिथे लॅबमध्ये संशोधन करते आणि रविवारी आंबेडकर अभ्यासवर्ग चालवते. माझी नागपूरच्या कॉलेजपासूनची मैत्रीण, त्यामुळे मला काहीही ऐकवायचा हक्क तिला आहे.

"तुझं घर आहे आणि तुला रस्ता माहीत नाही," एवढंच ती म्हणाली.

पुढे दोन डब्यांची छोटी गाडी. एलीचं कॅथीड्रल मैलभर आधीपासून दिसायला लागतं, ते चुकवू नका. त्यानंतर सपाट काळी जमीन, सरळ रेघेत खणलेले कालवे आणि कुठेही आडोसा नसलेला वारा. याच भागाला फेन्स म्हणतात. शेतात वाकलेल्या माणसांची एक रांग भाजी काढत होती. बायका की पुरुष, ते गाडीतून कळलं नाही.

स्टेशनवरून अर्धा तास बस. गावाचं नाव देत नाही, कारण तिथे अजून माणसं राहतात. चौकात फिश अँड चिप्स बरे मिळाले, आणि शेजारच्या पोलिश दुकानातली काळी पावरोटी आम्ही कौतुकाने विकत घेतली. इथपर्यंत ती सहलच होती.

घर लाल विटांचं, टेरेसमधलं, एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या ओळीत शेवटचं. ओव्हरकोट घातलेल्या, चाळिशीच्या एका बाईने दार उघडलं. नाव दानुता.

"कौन्सिलकडून आलात?" तिने विचारलं. कौन्सिल म्हणजे तिथली नगरपालिका.

मी "नाही" म्हणाले, पण कोण ते सांगितलं नाही. वारा आत येत होता म्हणून तिने आम्हाला आत घेतलं आणि चहा ठेवला. बैठकीच्या खोलीत चार गाद्या होत्या. कागदावर ते तीन बेडरूमचं घर होतं, भाडेकरू चार. घर मजूर पुरवणाऱ्या एका कंत्राटदाराला दिलंय, हे भाड्याचं बघणाऱ्या एजंटने कळवलं होतं, आणि त्यात एकरकमी भाडं येतं म्हणून आम्ही खूश होतो.

"किती जण राहता?" वैशालीने विचारलं.

"नऊ जणी. पाच दिवसपाळीला, चार रात्रपाळीला. गाजरं धुवायची, पॅक करायची."

"आणि हीटिंग?"

"बॉयलर नोव्हेंबरपासून बंद. एजंटला सांगितलं. तो म्हणतो, मालकीणबाई लंडनला असतात, त्या नको म्हणाल्या."

एजंट खोटं बोलतोय, असं मला क्षणभर वाटलं. मग आठवलं. ड्यूटीवर उभ्याउभ्या वाचलेली एक ईमेल : बॉयलर जुना झालाय, बदलायचा का? मी लिहिलं होतं, उन्हाळ्यापर्यंत थांबू या. आतली माणसं थंडीत आहेत, असं त्याने लिहिलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. आम्ही नवीन आलो तेव्हा वेंबलीत एका खोलीत राहायचो. घरमालक संध्याकाळी हीटिंग बंद करायचा आणि सतीश त्याला मराठीत शिव्या घालायचा.

वैशाली माझ्याकडे बघत होती. मी कप खाली ठेवला आणि सांगितलं, "ती मालकीण मीच."

दानुता चिडली असती तर बरं झालं असतं. ती घाबरली. हातातलं फडकं टाकून गाद्यांवरच्या चादरी नीट करायला लागली आणि पाठमोरीच म्हणाली, "आम्ही घर स्वच्छ ठेवतो. जायला सांगू नका."

"नाही सांगणार," मी म्हणाले. "बॉयलर या आठवड्यात बदलेल."

परतीच्या बसमध्ये वैशाली माझ्या शेजारी बसली. मग म्हणाली, "तू तिला शब्द दिलायस. तो पाळणं तुझ्या हातात आहे का, ते तरी माहितीये का तुला?"

मला माहीत नव्हतं. घरी येऊन सतीशला सगळं सांगितलं. तो ऐकून घेत राहिला आणि म्हणाला, "आपण इतके वाईट नाही आहोत." सोमवारी एजंटला फोन केला, आणि आठवड्याच्या आत नवा बॉयलर बसला. पण नऊ जणींचा विषय मीच ईमेल लिहून काढला होता. कौन्सिलच्या नियमात एवढी माणसं बसत नाहीत, ते आता लेखी आल्यावर आपल्याला दुर्लक्ष करता येणार नाही, असं एजंट म्हणाला. कंत्राटदाराने पाच जणींना हलवलं. दानुता त्यांतली एक.

फेन्सला जरूर जा. एली बघा, सोबत जाड जॅकेट ठेवा. असं घर घ्यायचं मनात असेल, तर घ्यायच्या आधी तिथे जाऊन एक दिवस काढा. आमचं घर अजून आहे. विकू या असं मी दोनदा म्हटलं, दोन्ही वेळा सतीशने भाव वाढताहेत असं सांगितलं, आणि मी दोन्ही वेळा ऐकलं.

त्या पाच जणी कुठे गेल्या, हे मी एजंटला लिहून विचारलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं : त्याची नोंद आम्ही ठेवत नाही. काळजी नसावी, एकही खोली रिकामी नाही.