राव्दनासाठी राखलेली गाठ

आमच्या दूर उत्तरेकडच्या डोंगरात बर्चच्या खोडावर आवाळू दिसलं की माणूस थबकतो. त्या गाठीतल्या लाकडाचा पीळ गुंतलेला असतो, सहजी फाटत नाही. म्हणून तिच्यातून पेला कोरतात, त्याला आम्ही गुक्सी म्हणतो. गुक्सी स्वतःसाठी कुणी कोरून घेत नाही, ती कुणीतरी द्यावी लागते. गाठ अजून लहान असेल तर शेजारच्या सालीवर आपल्या रेनडिअरच्या कानावर कापतो तीच मालकीची खूण चाकूने कापायची आणि चालू पडायचं. ती गाठ तुमची झाली. दुसरा तिला शिवत नाही.

आमच्या हेआइका काकांनी अशी खूण कापली ती त्यांची एकुलती पोर राव्दना जन्मली तेव्हा. गावातल्या निम्म्या लोकांच्या कमरेला त्यांच्या हातची गुक्सी लटकते, माझ्याही. पोरीचीच तेवढी राहिली. म्हातारा दरसाल जायचा, गाठीवर हात फिरवायचा आणि रिकामा परत यायचा.

"अजून एक वर्ष. वाढतेय."

"बाबा, माझ्या मयतालाच कॉफी पाजणार का तिच्यातून?" राव्दना फोनवर टोमणा मारायची. ती शहरात असते.

मग काकांच्या डोळ्यांवर पडदा चढू लागला. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, आहे ती नजरही जाणार. तेव्हा कुठे ते हबकले. म्हणाले, "या शरदात कापतो. झाडातला रस उतरू दे. चाकूचं टोक दिसतंय तोवर उरकतो."

शरद यायच्या आत पवनचक्कीवाले आले. त्यांचा रस्ता नेमका त्या बर्चच्या रानातून जाणार होता. मी रस्त्यात आडवी झाले, पोलिसांनी उचललं, पुन्हा आडवी झाले. सभेत कंपनीचा एक गुळगुळीत माणूस माझ्या हातात नारिंगी प्लास्टिकची गुंडाळी देऊन म्हणाला, "जे झाड राखायचं त्याला पट्टी बांधा. आमची माणसं सोडतील." आमच्याच डोंगरात आम्हाला भीक! तरी मी राग गिळला आणि ती गुंडाळी काकांकडे नेली.

"काका, चला, बांधून येऊ."

"पट्टा कुत्र्याच्या गळ्यात असतो. झाडाला खूण आहे."

"अहो, ती त्यांना वाचता येत नाही!"

"वाचता येत नाही तर इथे आले कशाला?"

त्यांनी गुंडाळी माझ्याकडे परत सारली. "आणि पोरी," ते म्हणाले, "माझ्या बापाच्या खुणेला कुणी हात लावलेला नाही. चोरानेसुद्धा." दुसऱ्याच्या गाठीला मी शिवणार नव्हते; पट्टी तशीच राहिली.

चोर परवडला. ऐन उन्हाळ्यात यंत्रं फिरली. आम्ही पोचलो तेव्हा खोडांचे ढीग लागले होते. काकांनी ढिगावर हात फिरवत फिरवत आपली गाठ शोधली. शेजारची खूणही शाबूत होती. कापावरून रस ठिबकत होता. त्यांनी बोट लावून चाखला आणि थुंकले.

"कच्ची आहे. भर रसात मारली."

तरी गाठ घरी आणली. मिठाच्या पाण्यात उकळली, भुशात पुरून थंड खोपीत ठेवली. खरं तर तिला सावकाश वाळू द्यायला हवी होती, नाहीतर लाकूड तडकतं; पण डोळे थांबायला तयार नव्हते. शेवटी शेवटी ते अंगठ्याने चाचपून कोरायचे. चाकू बोटात शिरायचा. मी हात पुढे केला की खेकसायचे, "तुझी पोर आहे का ती?"

शरदात राव्दना आली. काकांनी गुक्सी तिच्या हातात दिली. तळाशी केसाएवढी चीर होती. तिला दिसली, मलाही दिसली. तिने चुलीपाशी उभं राहूनच कॉफी ओतली.

"धरते ना गं?" काकांनी विचारलं.

"धरते की, बाबा. मस्त झालीय."

तापल्या चुलीवर थेंब पडला. चर्र. मग दुसरा पडला. तिने घाईघाईने तळाला तळहात लावला, चटका सोसला, पण आवाज काकांच्या कानी गेला तो गेलाच. काकांनी मान तिकडे वळवली.

"खोटं बोलण्यात आईवर गेलीस," ते म्हणाले.

मग त्यांनी कमरेचा चाकू म्यानासकट सोडला आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायला गेले. खिळा सापडेना. त्यांचा हात भिंतीवर फिरत राहिला. आम्हा दोघींतली एकही पुढे झाली नाही.